पावसाचे बी शोधणारा पंप

मी एक जुना हवा ओढणारा पंप आहे. मित्रांनो, नाव ऐकून पाणी उपसणारा पंप डोळ्यांपुढे आणू नका. तो माझा चुलतभाऊ. त्याला घरोघरी मान असतो, कारण त्याने तोंड उघडले की बादली भरते. मी तोंड उघडले की कुणाचे काहीच भरत नाही. मी नुसती हवा ओढतो आणि मागच्या नळीतून सोडून देतो. आयुष्यभर हेच केले. आता छातीत घरघर आहे, मोटार लवकर तापते, आणि खरे सांगायचे तर मी दमलो आहे. तरी माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगायला माझ्याखेरीज कुणाला सवड नाही.

माझा संसार लहान आहे. एक लोखंडी पेटी, तिच्या पोटात मोटार, वरच्या अंगाला एक चौकट. चौकटीत फिल्टरचा पांढरा गोल कागद बसवतात. हवा त्या कागदातून आत येते आणि हवेतले कण कागदावर अडकून राहतात. पाऊस थेट कागदावर पडू नये म्हणून डोक्यावर पत्र्याची उतरती टोपी आहे. तिच्या कडेखालून हवा आत शिरते. कारखान्यात ज्या फिटरने मला जोडले, त्याने शेवटचा बोल्ट आवळून माझ्या टोपीवर टपली मारली आणि म्हणाला, "जा बाबा, हवा खा आता!" मला वाटले, गडी थट्टा करतोय. पुढे कळले की त्याने माझे भविष्यच सांगितले होते.

मला आणले ते हवा तपासणाऱ्या एका कार्यालयाच्या गच्चीवर. इमारत टेकडीच्या उतारावर होती. समोर खाली गाव आणि विटांच्या भट्ट्यांची धुराडी. पाठीमागे एक दाट राई. जुनी उंच झाडे, त्यांच्यावर चढलेल्या वेली, बुंध्यांवर ओलसर हिरवी साय. माझे काम समोरच्या धुराची काजळी पकडण्याचे. कागद काळा झाला की कार्यालयाचे साहेब खूश व्हायचे, कारण मग वर कळवायला काहीतरी मिळायचे.

पण झाडांना बहर आला की कागद काळा व्हायच्या ऐवजी पिवळा व्हायचा. परागकण, पानांचा चुरा, बुरशीची भुकटी, काय काय येऊन चिकटायचे. मग मिस्त्री मऊ ब्रश घेऊन वर यायचा. हा मिस्त्री माझी देखभाल करणारा. अंगाने वाळका, जिभेने भरलेला. "आला बघा पाहुणा," असे म्हणून तो सगळे झाडून टाकायचा. साहेब जिन्यातूनच ओरडायचे, "अहो मिस्त्री, कचरा काढलात का? मला काजळी मोजायचीय, जंगल नाही!" कचरा म्हणजे काय, हे मी असे शिकलो. जे मोजायचे नसते ते.

पुढे पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले. त्याला कागद लागत नव्हता, ब्रश लागत नव्हता, मिस्त्रीही फारसा लागत नव्हता. मला गच्चीच्या राईकडच्या कोपऱ्यात सरकवले. शेजारी मोडक्या खुर्च्या होत्या. यंत्राला हवा ओढायला कुणी सांगेनासे झाले की ते गंजते आणि रुसते. मी दोन्ही केले.

तिथून मला उठवले ते बाईंनी. बाई म्हणजे कार्यालयात बदलून आलेल्या एक संशोधक. केस कसेबसे बांधलेले, पायात सपाता, आणि चालता चालता स्वतःशी बोलण्याची सवय. त्या साहेबांना म्हणाल्या, "तो कोपऱ्यातला पंप मला द्याल?"

"तो? अहो, तो भंगारात निघालाय."

"भंगारात जायच्या आधी माझ्याकडे येऊ दे."

साहेबांनी खांदे उडवले. मिस्त्रीने तेल घातले, मोटारीला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन ब्रश बदलले, आणि मी खोकत खोकत पुन्हा चालू लागलो. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, "मिस्त्री, कागदावरचं काहीही झाडायचं नाही. मला कचराच हवाय."

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "घे लेका. तुझ्या कचऱ्यालाही दिवस आले."

आता बाई काय शोधत होत्या ते सांगतो. त्या कामाच्या वेळी मोठ्याने बोलायच्या, म्हणून मला ठाऊक. हवेत पाण्याची वाफ असते, पण वाफेचा थेंब होण्यासाठी तिला टेकायला जागा लागते. धुळीचा कण, मिठाचा कण, काहीतरी. उन्हात तापलेल्या झाडीतून एक वास येतो ना? पाने हवेत जे सोडतात त्याचा तो वास. त्यातूनही वर जाऊन अतिशय बारीक कण बनतात आणि वाफ त्यांच्यावर टेकते. असे ढगातले थेंब जन्माला येतात. पण ते इतके हलके असतात की नुसते तरंगत राहतात. अनेक ढगांमध्ये पाऊस पडायला आधी थोडे बर्फ बनावे लागते. बर्फाचा कण भोवतालची वाफ गोळा करून जड होतो, खाली येऊ लागतो, आणि वाटेत वितळून पाऊस होतो.

इथे एक गंमत आहे. तुम्ही शाळेत शिकता की शून्य अंशाला पाणी गोठते. ढगातला शुद्ध थेंब ते धडे शिकलेला नसतो. तो शून्याच्या खाली कितीतरी उतरला तरी पाण्याचे पाणीच राहतो. त्याला गोठायला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. नुसती माती असेल तर बहुधा खूप थंडी पडल्यावर ते काम होते. पण पानांवर राहणारे काही सूक्ष्मजंतू असे आहेत की त्यांच्या अंगावर पाण्याचे रेणू बर्फासारखे ओळीत उभे राहतात, आणि शून्याखाली दोन-चार अंशांतच थेंब गोठतो. काही परागकण, काही बुरशी यांनाही थोडीफार ही विद्या येते. वारा त्यांना पानांवरून उचलतो, ते ढगात जातात, आणि पावसाबरोबर पुन्हा पानांवर उतरतात. बाई त्यांना पावसाचे बी म्हणायच्या. हे बी पावसाला खरोखर किती मदत करते, यावर अजून जाणकारांत वाद आहेत, हेही त्या दर वेळी म्हणायच्या. मिस्त्री म्हणायचा, "बाई, तुम्ही एक पाऊल पुढे टाकता आणि लगेच मागे बघता."

माझ्या कागदावरचा कचरा त्या शुद्ध पाण्यात खळबळून घ्यायच्या. मग गच्चीलगतच्या खोलीत तांब्याच्या एका थंड पट्टीवर त्या पाण्याचे थेंब ओळीने ठेवायच्या आणि पट्टी हळूहळू आणखी थंड करायच्या. गोठला की काचेसारखा थेंब एकदम दुधी होतो. शेजारी बॅटरीत घालतात तसल्या शुद्ध पाण्याचे थेंब असायचे. ते ढिम्म बसायचे. माझ्या कागदाचे थेंब मात्र शून्याखाली चार-पाच अंशांतच पटापट दुधी व्हायचे. मग तेच पाणी त्या उकळून पुन्हा थेंब ठेवायच्या, आणि बहुतेक थेंबांची घाई नाहीशी व्हायची. उकळल्यावर माती बिघडत नाही, जिवाने बनवलेली वस्तू बिघडते.

"सजीवांचंच काम आहे हे, मिस्त्री!" बाई ओरडल्या होत्या.

"मलासुद्धा उकळलं तर माझीही घाई जाईल," मिस्त्री म्हणाला, आणि दोघे खूप हसले. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस होते. शाळेची मुले मला बघायला येत. साहेब माझ्या टोपीवर हात ठेवून फोटो काढून घेत आणि पाहुण्यांना सांगत, "हा पंप मीच राखून ठेवला होता." यशाला बाप फार असतात.

बाईंचा एकच नियम कडक होता. माझ्या अंगाला साबण लागता कामा नये. साबणाचा अंश कागदावर उतरला तर थेंब पट्टीवर पसरतात आणि सगळे मोजमाप फुकट जाते. मिस्त्रीने तो नियम असा पाळला की साबण तर नाहीच, पाण्याचा बोळाही नाही. सुक्या फडक्याने माझी टोपी वरून इतकी पुसायचा की तिच्यात त्याला स्वतःच्या मिश्या दिसायच्या. टोपी उघडून आतून बघायचे मात्र कुणाच्याच डोक्यात आले नाही. स्वतःची टोपी कुणाला आतून दिसते? मलाही दिसत नव्हती.

मग एके दिवशी भर उन्हात दादा वर आले. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, नगरपालिकेच्या पाणी खात्यात अभियंता. धापा टाकत गच्चीच्या कठड्यावर बसले आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "चिमे, राई तोडावी लागणार गं. तिथं पाण्याची टाकी होणार आहे."

बाई हातातला चिमटा तसाच धरून उभ्या राहिल्या. "दादा, दुसरी जागा नाही?"

"उंच जागा हीच. वरच्या आळीत नळाला नुसती हवा येते. बायका हंडे घेऊन माझ्या दारात बसतात. त्यांना काय सांगू?"

"सांग, थोडं थांबा म्हणून. टेकडीच्या पलीकडे जागा आहे, तुलाही ठाऊक आहे."

"तिकडे नळ लांबून न्यावे लागतात. ते करायचं तर नगरपालिकेच्या सभेला कारण द्यावं लागतं. माझ्या बहिणीला झाडं आवडतात, हे कारण चालत नाही." मग थोडे नरमून म्हणाले, "तुझे ते थेंब दाखव. राईतून काय वर जातं त्याचा आकडा दे. चांगला ठणठणीत आकडा असेल तर मी स्वतः तुझ्या बाजूनं बोलतो."

आकडा बाईंकडे होता, आणि ठणठणीत होता. त्या कामाला लागल्या. माझी विश्रांती संपली. राईकडून वारा असला की मला चालवायचे, कागद भरला की बदलून पुन्हा चालवायचे. मला धाप लागत होती, पण तक्रार केली नाही. राई वाचावी असे मलाही वाटत होते. तिचा कचरा इतकी वर्षे छातीवर घेतला, तो काही परका राहिला नव्हता.

सभा तोंडावर आली आणि माझी मोटार बसली. मिस्त्री सुटा भाग आणायला गावात गेला. कागद माझ्या चौकटीत दिवसभर तसाच पडून राहिला, हवा न ओढता. दुसऱ्या कुणी तो टाकून दिला असता. बाईंनी विचार केला, न ओढलेल्या हवेचा कागद म्हणजे आयताच कोरा कागद, तपासून ठेवू. कोरा कागद त्या नेहमी तपासायच्या, पण तो खोलीतल्या टेबलावर ठेवलेला असायचा. माझ्या टोपीखाली ठेवलेला कोरा कागद त्यांनी कधीच तपासला नव्हता.

त्याचे थेंब पट्टीवर ठेवले. शून्याखाली चार अंश आले आणि सगळी ओळ दुधी झाली.

बाईंनी पट्टी पुसली. पुन्हा थेंब ठेवले. पुन्हा तेच. त्या बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि पाना घेऊन एकेक बोल्ट सोडवू लागल्या. मिस्त्री तेवढ्यात जिना चढून आला. दोघांनी मिळून टोपी उलटी केली. आतून सगळ्या पत्र्यावर करडा-हिरवा पापुद्रा चढला होता. जुन्या झाडांच्या सालींवर, दगडांवर असतो तसला. बुरशी आणि शेवाळ मिळून घर करतात, त्याला लोक दगडफूल म्हणतात. राईच्या ओलाव्यात ते माझ्या डोक्यात निवांत वाढले होते आणि त्याचा चुरा खाली कागदावर पडत होता. बाईंनी नखाने थोडे खरवडून पाण्यात घातले. त्या पाण्याचा थेंब तर पट्टीवर ठेवल्यावर थोड्याच वेळात गोठला. हे दगडफूलसुद्धा पावसाचे बीच निघाले.

मिस्त्रीचा चेहरा पडला. "बाई, साबण लावायचा नाही म्हणालात, म्हणून मी…"

"तुमची चूक नाही. कोरा कागद कुठं ठेवायचा हे मी ठरवलं होतं."

मिस्त्रीने इकडेतिकडे बघितले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एवढं मनावर कशाला घेता? मी टोपी घासून टाकतो. आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे? राई तर वाचेल."

बाई मोडक्या खुर्चीवर बसल्या. त्यांना राई हवी होती, अगदी जिवापासून हवी होती, आणि गप्प बसले असते तर ती मिळालीही असती. मी मुका. मिस्त्री बोलणार नव्हता. दादा आकड्याची वाट बघत होते. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "टोपी घासा. स्वच्छ पाण्यानं. मोटार दुरुस्त झाली की लगेच चालू करा. जेवढे दिवस मिळतील तेवढे."

मोजके दिवस मिळाले. स्वच्छ टोपीखालच्या कागदांचे थेंबही लवकर गोठत होते, पण आधीपेक्षा पुष्कळ कमी. म्हणजे राईतून बी येत होते, पण आम्ही सांगत होतो तेवढे नाही. सभेत बाईंनी हे सगळे जसेच्या तसे सांगितले. पंपाच्या टोपीत दगडफूल होते, जुने आकडे धरू नका, नवे आकडे थोडे आहेत, मला आणखी वेळ द्या. सभेने ऐकून घेतले आणि टाकी मंजूर केली.

दादा संध्याकाळी तरातरा वर आले. "चिमे, तुला खोटं बोल म्हणालो नव्हतो मी! नुसतं गप्प बसायचं होतंस. मी तुझ्या बाजूनं बोलायला तयार बसलो होतो, आणि तू माझ्याच पायाखालची सतरंजी ओढलीस."

"दादा, उद्या टाकीच्या भिंतीत सिमेंट कमी पडलंय असं तुला कळलं, तर तू गप्प बसशील?"

दादा कठड्याला टेकून राईकडे बघत राहिले. जाताना त्यांनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाईंना इतका वेळ आवरलेले रडू फुटले. मला तेव्हा प्रथमच वाटले, माझ्या छातीत मोटारीऐवजी दुसरे काही असते तर बरे झाले असते.

राई तुटायला फारसे दिवस लागले नाहीत. करवती दिवसभर चालत. माझा कागद लाकडाच्या भुशाने पांढुरका व्हायचा. मग भुसा खाली बसला, पावसाने जमीन धुतली, आणि बाईंनी पुन्हा कागद लावला. तीच जागा, तसाच वारा, तीच स्वच्छ टोपी. कागद जवळजवळ कोरा निघाला. कचरा नाही म्हणून साहेबांना बरे वाटले. बाईंनी थेंब पट्टीवर ठेवले. शून्याखाली पाच अंश झाले, थेंब पाणीच. दहा झाले, एखादाच दुधी. ओळीतले बाकीचे थेंब काचेसारखे चमकत बसले होते. त्यांना गोठायला सांगणारे कुणी आले नव्हते. पुढचे कागदही तसेच निघाले.

मिस्त्री दारात उभा होता. "म्हणजे बाई, तुमचं बरोबर होतं?"

"हो," बाई म्हणाल्या. "बरोबर होतं." आणि पट्टीचे बटण बंद केले.

मित्रांनो, लगेच असे समजू नका की राई गेली म्हणून गावाचा पाऊस गेला. पाऊस एका राईने पडत नाही आणि एका राईवाचून थांबत नाही. ढग लांबून येतात, बीही लांबून येते. वरच्या आळीच्या नळांना आता पाणी येते, तेही खोटे नाही. पण त्या उतारावरून जे वर जात होते, ते आता जात नाही. आणि ते जात होते हे पक्के कळायला ते थांबावे लागले. आधीचे आणि नंतरचे कागद शेजारी ठेवले तेव्हाच आकडा ठणठणीत झाला. दादांनी तो बघितला. बराच वेळ बघितला. मग टाकीभोवती उरलेल्या जागेत रोपे लावायचा हुकूम त्यांनी स्वतः काढला, आणि सुट्टीच्या दिवशी बादली घेऊन ते रोपांना पाणी घालायलाही येऊ लागले. रोपे अजून गुडघ्याएवढी आहेत. त्यांच्या पानांवर बी नांदायला आणि वाऱ्यावर उडायला पुष्कळ काळ जाईल.

आणि इथेच माझी पंचाईत झाली आहे. साहेब म्हणतात, पंप थकला, आता नवा घेऊ. बाई म्हणतात, नाही. आधीचे कागद ज्या पंपाने ओढले, नंतरचेही त्यानेच ओढायला हवेत, नाहीतर रोपांनी काय परत आणले ते कसे कळणार? त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून मला अजून थांबता येत नाही. मिस्त्री आता न चुकता माझी टोपी उघडतो, आतून पाण्याने पुसतो, मग मोटारीला कान लावून म्हणतो, "अजून थोडं, म्हाताऱ्या." मी घरघर करत हवा ओढतो. कागद पांढराच निघतो. बाई तो तरीही पट्टीवर तपासतात.

माझे तुमच्याकडे फार मागणे नाही. तुमच्या घरी, शाळेत कुठे जुने यंत्र असेल तर त्याला तेल घाला आणि त्याची टोपी कधीतरी आतूनही बघा. एखादी वस्तू कचरा म्हणून झाडून टाकायच्या आधी ती काय करते ते विचारा. आणि एखादे झाड तोडायची वेळ आलीच, तर आधी मोजा, मग ठरवा. तोडल्यानंतर मोजले तर आकडा बरोबर येतो, पण झाड परत येत नाही. त्याची वाट बघत माझ्यासारख्या एखाद्या दमलेल्याला तोंड उघडे ठेवून बसावे लागते.